पाटकऱ्याची सही

कालव्याच्या पाण्यात उतरायला अकरा पायऱ्या होत्या. इतर वर्षी त्यांतल्या चार-पाचच कोरड्या असायच्या, यंदा सात कोरड्या होत्या. धरणातच पाणी नव्हतं तर कालव्यात कुठून येणार? पण ज्याच्या शेतापर्यंत पाणी पोचत नाही त्याला हे सांगून काही उपयोग नसतो. त्याला वाटतं, मध्ये कुठेतरी पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्यानेच ते मुरवलं.

सकाळी सहाला पाटकरी आणि त्याची थोरली मुलगी पायऱ्या उतरायचे. तो पुढे, ती मागे. बापाबरोबर पोरगी उगीच आलीय, एवढंच बघणाऱ्याला दिसावं. भिंतीला मीटर-सेंटीमीटरची लोखंडी मोजपट्टी ठोकलेली होती. थोरली तिच्याकडे बघायची आणि हळूच म्हणायची, “एक बावीस.”

“एक बावीस!” पाटकरी मोठ्याने म्हणायचा.

मग तो वर जाऊन कालव्याच्या दाराचं चाक धरायचा. चाकाचे किती फेरे दिले की दार किती वर येतं, हे त्याच्या खांद्यांना पाठ होतं. तिथे त्याला कुणाची गरज नव्हती. ग्रीसने काळे झालेले हात बोळ्याला पुसत तो खोलीत यायचा, तोवर थोरलीने वहीत तारीख, वेळ आणि पाणी लिहिलेलं असायचं. अक्षर मात्र त्याचं. शाळेतल्या वहीत ती गोल आणि उभं लिहायची, पण ह्या वहीत तिचं अक्षर डावीकडे कलायचं, सातचा आकडा मध्येच तुटायचा आणि शेवटी लांब शेपटीची सही यायची. रोज दोन वेळा, असं चार वर्षं चाललं होतं.

पाटकऱ्याच्या डोळ्याच्या मागची नस सुकत चालली होती. ह्याला ऑपरेशन नाही, असं डॉक्टरने सांगितलं होतं. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. तो बांधावरून भराभर चालायचा, माणूस चालण्यावरून ओळखायचा, म्हणून कुणाला संशय आला नाही. पण ज्या गोष्टीकडे तो नजर लावायचा नेमकी तीच गायब व्हायची. पेन्शनीला दोन वर्षं राहिली होती. राहायला ही सरकारी खोली होती. नोकरी गेली तर बिऱ्हाड त्याच दिवशी रस्त्यावर आलं असतं, कारण कालव्यातला गाळ उपसायला जाणारी पाटकरीण तेवढ्यावर चौघांना पोसू शकली नसती. धाकटी अजून चौथीत होती.

अशा वेळी शाळेतल्या बाईंनी तो अर्ज आणला.

राज्याच्या विद्यापीठात पाण्याचं शास्त्र शिकवणारा वर्ग होता. पहिल्या वर्षाला चाळीस जागा. निवड झाली की राहणं-जेवण फुकट. बाईंनी अर्ज टेबलावर पसरला आणि चष्मा डोक्यावर सरकवला.

“मार्क तुझे चांगले आहेत. पण तसे मार्क असलेली पाचशे पोरं अर्ज करतील. ते मार्क बघून थांबत नाहीत. हे पान बघ. ‘तुम्ही स्वतः केलेलं एखादं काम, जे दुसऱ्या कुणी केलं नसतं.’ दोन पानं लिहायची. इथंच ठरतं सगळं. काय लिहिशील?”

“काही केलंच नाही मी, बाई.”

“वक्तृत्व? चित्रकला? काहीच नाही?”

“शाळा सुटली की मला सहाच्या आत घरी पोचावं लागतं.”

“का?”

थोरलीने दाराकडे बघितलं. वर्ग रिकामा होता. चार वर्षांत तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. सांगताना तिला आधी रडू येईल असं वाटलं, प्रत्यक्षात हसू आलं.

बाईंनी पेन्सिल काढली. मग त्यांनी वहीच्या कोपऱ्यात गुणाकार केला. “म्हणजे तीन हजाराला थोड्या कमी नोंदी झाल्या. आणि तू म्हणतेस, काही केलंच नाही? अगं वेडे, त्या विद्यापीठातल्या मोठमोठ्या लोकांनीही सलग चार वर्षं पाणी मोजलं नसेल. हेच लिही. दुसरं काही लिहू नकोस. माझ्या पत्रात मी तुझ्या गणिताबद्दल लिहीन, पट्टीचं तुझं तू सांग.”

थोरलीने ते एका दुपारी सलग लिहून काढलं. वाऱ्याने पाणी हलत असेल तर वरचा आणि खालचा आकडा बघून मधला कसा घ्यायचा, गवत अडकलं की पट्टी पाणी कसं जास्त दाखवते, बारा कोस वर पाणी सोडलं की आपल्याकडे किती तासांनी फुगवटा येतो, सगळं. आणि हे बाबांच्या नावाने का लिहावं लागतं, तेही. ‘त्यांचं अक्षर माझ्या हातात बसलं आहे. सहीसुद्धा मीच करते,’ असं शेवटी आलं.

तिने ते घरात वाचून दाखवलं. पाटकरीण कोपऱ्यात बसून सुजलेल्या मनगटाला तेल चोळत होती. तिचा हात तिथंच थांबला.

“हे पाठवणार? पोलिसात दे ना त्यापेक्षा. तेवढाच टपालाचा खर्च वाचेल.”

“आई, ते लोक लांबचे आहेत. त्यांना काय पडलंय?”

“लांबच्या माणसाला फोन नसतो? तुझ्या बाबांची सही त्यांच्या ऑफिसातल्या साहेबांच्या शिक्क्यासकट लागणार म्हणतेस. त्यांनी साहेबांनाच विचारलं तर?” ती नवऱ्याकडे वळली. “अहो, तुम्ही का गप्प?”

पाटकरी मान जरा तिरकी करून बसला होता. मुलीचा चेहरा बघायचा असला की तो असा बसायचा. “सगळं तूच केलंस म्हण की,” तो म्हणाला. “मग चार वर्षं मी काय केलं?”

त्याला राग आलेला नव्हता, म्हणूनच थोरलीला ते जास्त लागलं. तिने कागद घडी करून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी नवा लिहिला. ‘मी वडिलांना त्यांच्या कामात मदत करते. त्यामुळे मला पाण्याचे महत्त्व समजले.’ पान भरता भरेना, तेव्हा तिने झाडांबद्दलही चार ओळी घातल्या.

बाईंनी तो वाचला आणि परत दिला. “मदत तर सगळ्याच पोरी करतात गं. ह्यावर कुणी घेणार नाही तुला.”

“दुसरं नाही लिहिता येत, बाई.”

“शुक्रवार शेवटचा दिवस आहे,” बाई म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. त्यांच्या हातात तरी काय होतं?

बुधवारी टेलकडचे लोक आले. कालव्याच्या शेपटाला ज्यांची शेतं होती त्यांची पिकं उभ्याउभ्या वाळत चालली होती. त्यांच्या पुढे होता तो वकील. म्हणजे लोक त्याला वकील म्हणायचे, कोर्ट त्याने बाहेरूनच पाहिलं होतं. थोरली तेव्हा शाळेत होती.

“पाटकरी, वहीत एक अठरा आणि आमच्याकडे चिखल? पट्टी वाच बघू आमच्यासमोर.”

“सहाला वाचतो ना रोज.”

“आत्ता वाच.”

पाटकरी पायऱ्या उतरला. आठव्या पायरीवर त्याने पाय पाण्यात घातला. पाणी घोट्याच्या हाडाच्या खाली किती आहे, हे त्याने अंगाने जोखलं आणि पट्टीकडे तोंड करून म्हणाला, “एक सोळा.”

वकील वाकला. “चौदा आहे.”

“वारा आहे. पाणी हलतंय.”

“पाणी हलतंय की तू?” वरून कुणीतरी हसलं. वकिलाने खिशातून तक्रारीचा कागद काढला. “बरं, हे वाच. आम्ही काय लिहिलंय ते तुलाही कळू दे.”

“चष्मा घरी राहिला.”

“तुला चष्मा कधी लागला?”

पाटकरी वर यायला वळला. घाईत त्याची पायरी चुकली आणि तो गुडघ्यावर आपटला, एक हात कोपरापर्यंत पाण्यात गेला. बातमी ऐकून शाळेतून धावत आलेल्या थोरलीने वरून एवढंच पाहिलं. आता सगळे हसतील, असं तिला वाटलं. पण हसलं कुणीच नाही. वकिलानेच खाली जाऊन त्याला दंडाला धरून उठवलं.

“कधीपासून?” वकिलाने हळू आवाजात विचारलं.

“शेवाळ होतं,” पाटकरी म्हणाला.

वकिलाने कागद खिशात घातला आणि लोकांना घेऊन गेला. त्याने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, असं थोरलीला वाटलं. निदान भांडता आलं असतं. दयेवर काय बोलणार?

गुडघ्याला पट्टी बांधून घेताना पाटकरी म्हणाला, “तो पहिला कागद आहे ना अजून?”

“आहे.”

“तोच पाठव.”

पाटकरीण काही बोलणार, तोच त्याने हात वर केला. “ऐकून घे आधी. ही गेली की पट्टी कोण वाचणार? धाकटी? तिला नऊ आणि सहा अजून उलटसुलट दिसतात. आठ दिवसांत सगळं बाहेर येणार. ही नाही गेली तरी वकील आज ना उद्या बोलणारच. बाहेर यायचंच असेल तर हिच्या उपयोगी पडून येऊ दे. उगाच फुकट कशाला जाऊ द्यायचं?”

पाटकरीण उठून बाहेर गेली. थोड्या वेळाने कालव्याच्या जाळीत अडकलेला कचरा ओढून काढल्याचा आवाज येऊ लागला. तिला रडायचं असलं की ती काहीतरी जड काम काढायची.

“आणि एक,” पाटकरी म्हणाला. “त्या अर्जावर पालकाची सही लागते ना? ती मी करणार.”

“मी करते ना बाबा, रोज करतेच.”

“वहीवर कर. हा अर्ज तुझा आहे. ह्याच्यावर तरी माझी सही माझी असू दे.”

गुरुवारी दिवसभर तो खडू घेऊन दाराजवळच्या सिमेंटच्या कठड्यावर सही करत बसला. धाकटी शेजारी उकिडवी बसून मास्तरकी करत होती. “बाबा, शेपटी वर गेली. बाबा, अक्षरं एकमेकांच्या डोक्यावर बसली.” तो मान तिरकी करून पुन्हा करायचा. संध्याकाळी थोरलीने त्याचं बोट रेघेवर टेकवलं आणि त्याने अर्जावर सही केली. रेघेच्या जरा खाली गेली, दोन अक्षरं एकमेकांत गुंतली, पण सही होती. तो इतका खूश झाला की त्याने पेन परत मागितला आणि उगीचच पुन्हा झाकण लावून दिलं.

शुक्रवारी निघताना पाटकरणीने थोरलीच्या पिशवीत तो दुसरा कागदही सरकवला, ‘मदत’वाला. “असू दे. वजन थोडंच होतंय त्याचं?” ती एवढंच म्हणाली.

पालक सरकारी नोकर असल्यामुळे पाटबंधारे कार्यालयात त्याची सही तपासून मग साहेबांचा शिक्का मिळायचा. तपासणारे कारकून भाऊसाहेब कामाला चोख होते, आणि नेमकं तेच नडलं. त्यांनी अर्जाचं पान घेतलं, कपाटातून पाटकऱ्याची मागच्या महिन्याची वही काढली आणि दोन्ही शेजारी ठेवली.

“ही कुणी केली?”

“मीच,” पाटकरी म्हणाला.

“पाटकरी, तुमची सही चार वर्षं दर महिन्याला माझ्या नजरेखालून जाते. झोपेत ओळखेन मी. ही तुमची नाही.” त्यांनी लाल पेनाने सही खोडली आणि बाजूला लिहिलं, ‘जुळत नाही’. “मुलीने केली असेल. मुलं करतात अशी लबाडी, पालकांना पत्ता नसतो.” त्यांनी थोरलीकडे जरबेने पाहिलं. तिचे कान तापले.

“भाऊसाहेब, खरंच मी केली. तुमच्यासमोर करतो, द्या पेन.”

थोरलीने बापाची बाही ओढली, पण त्याने पेन घेतला. ह्या वेळी बोट टेकवून द्यायला कुणी नव्हतं. सही छापील ओळींवर चढली आणि तिरकी होऊन खाली घसरली. भाऊसाहेबांनी नाक पुढे करून वास घेतला.

“सकाळीच घेऊन आलात?”

 पाटकऱ्याने आयुष्यात दारूला स्पर्श केला नव्हता. पण नाही म्हटलं, तर मग काय झालंय ते सांगावं लागणार होतं, आणि ते त्याला साहेबांसमोर, आपल्या वेळी, आपल्या तोंडाने सांगायचं होतं. त्याने मान खाली घातली.

“मुलीच्या भविष्याचा प्रश्न आहे, निदान आज तरी नको होती घ्यायला,” भाऊसाहेब म्हणाले आणि दुसरी सहीही खोडली. “दुसरा अर्ज आता मिळणार नाही. खाली एवढी जागा उरलीय. बाहेर बाकावर बसा, तोंडावर पाणी मारा, हात स्थिर झाला की नीट करून आणा. तीनला साहेब निघतात.”

व्हरांड्यात वारा होता. पाटकऱ्याने दोन्ही हातांनी पान बाकावर दाबून धरलं.

“कर,” तो म्हणाला.

“बाबा…”

“कर गं. वेळ जातोय.”

थोरलीने सही केली. रोजची होती, डोळे मिटूनही आली असती. लांब शेपटी, डावीकडचा कल, सगळं जागच्या जागी. मग तिने ते पान अर्जाच्या बाकीच्या पानांत लावलं आणि तिचा हात थांबला. पालकाच्या पानावर दोन खोडलेल्या सह्या होत्या, बाजूला लाल शाईने ‘जुळत नाही’, आणि खाली तिसरी, सुबक. वर छापलेलं होतं, ‘ह्या अर्जातील सर्व माहिती सत्य आहे.’ आणि मागच्या पानावर तिनेच लिहिलेलं होतं, ‘सहीसुद्धा मीच करते.’ वाचणाऱ्याला बोट दाखवायचीही गरज नव्हती. खोट्या सहीचा अर्ज म्हणून पहिल्याच दिवशी तो बाजूला पडला असता, आणि वरून बाबांच्या साहेबांना पत्र आलं असतं. ते पाटकऱ्याची नोकरी घेऊन गेलं असतं आणि तिला काहीच देऊन गेलं नसतं.

तिने आजूबाजूला पाहिलं. पाटकरी नळाकडे तोंड धुवायला गेला होता, कारण भाऊसाहेबांनी तसं सांगितलं होतं. तिने पहिला कागद काढला आणि दुसरा लावला.

“आता कशी आली!” भाऊसाहेब खूश होऊन म्हणाले. “मनात आणलं की जमतं माणसाला.” शिक्का बसला. साहेबांनी न बघता सही केली. पाकीट चिकटवून, समोरच्या टपाल कचेरीत देऊन, पावती घेऊन दोघं बाहेर आले तेव्हा अडीच वाजले होते.

पाटकरी लंगडत चालत होता, पण बोलायला त्याला जोर आला होता. “किती जण वाचतील गं ते?”

“माहीत नाही.”

“दोघं तरी वाचत असतील. एकाला खरं नाही वाटणार. तो दुसऱ्याला म्हणेल, चार वर्षं? सकाळ-संध्याकाळ?” तो स्वतःशीच हसला. “त्या दिवशी मी उगीच बोललो तुला. घरात दुसरं कुणी असतं तर चार महिन्यांत कंटाळलं असतं.”

थोरली पिशवी छातीशी धरून चालत राहिली.

एस.टी.च्या थांब्याजवळ तो उभा राहिला. “एक विचार करतोय. विद्यापीठाकडून साहेबांना कळण्याआधी मीच सांगितलेलं बरं. लपवलं म्हणायला नको कुणी. साहेब अजून निघाले नसतील, चल. आणि त्या भाऊसाहेबांनाही सांगतो, मी पिऊन आलो नव्हतो म्हणून.” आणि तो खरंच मागे वळून चालू लागला, सरळ, भराभर, पुष्कळ दिवसांनी कुणाच्या आधाराशिवाय.

“बाबा, थांबा.”

“तू बस इथं. मी आलोच.”

“बाबा, तो कागद गेला नाही.” ती धावत जाऊन त्याच्यासमोर उभी राहिली. समोर उभं राहिलं की आपण त्याला दिसत नाही, हे तिच्या लक्षात आलं, म्हणून ती बाजूला सरकली. “माझ्या पिशवीत आहे. त्या सह्या खोडल्यावर तो पाठवता येत नव्हता. दोन्ही एकत्र वाचलं असतं तर…”

पुढचं तिला सांगावं लागलं नाही. पाटकरी रस्त्याच्या मधोमध उभा होता. एक सायकलवाला घंटी वाजवत त्याला वळसा घालून गेला.

“मग पाकिटात काय गेलं?”

“मदत करते, ते.”

“माझ्या सह्या?”

“त्या गेल्या. खोडलेल्या.”

त्याने बोटांना लागलेली शाई अंगठ्याने चोळली. बराच वेळ चोळली. मग म्हणाला, “ह्यावर घेतील का गं तुला?”

चार वर्षांत थोरलीने त्याला एकही आकडा खोटा सांगितला नव्हता.

“नाही घेणार, बाबा.”

पाटकऱ्याने मान हलवली. एस.टी. यायला उशीर होता आणि सहाची पट्टी घ्यायची होती, म्हणून दोघं चालतच घराकडे निघाले.